रातांब्याचा एक दिवस

पहाटे साडेपाच. रात्री कौलांवर चार थेंब वाजले आणि सासूबाईंची झोप उडाली. मे महिन्याचा तिसरा आठवडा, रातांबे झाडावर लालभडक झालेले. मोठी सर आली की पिकलेलं फळ गळतं, चिखलात फुटतं आणि दोन दिवसांत आंबतं. म्हणून उजाडायच्या आत टोपल्या घेऊन आम्ही परसात.

रत्नागिरीत आम्ही झाडालाही रातांबाच म्हणतो आणि फळालाही. गोव्यात भिरंड, बाजारात कोकम. हापूसला पेटी, गवत, सगळा थाट. रातांबा मात्र गड्याने झाडावर चढून फांद्या हलवाव्यात आणि आम्ही खाली वेचावा. आमच्याकडे सात झाडं आहेत, त्यांतली तीन नर. बी लावून आलेल्या रोपांत निम्मी अशीच निघतात आणि ती नर आहेत हे सात-आठ वर्षांनी फुलोरा आल्यावर कळतं. तोवर पाणी घातलेलं असतं, माया जडलेली असते. ती तोडायचं सासूबाईंच्या जिवावर येतं.

आठ वाजता चहा झाला की पडवीत विळ्या मांडायच्या. फळ धुऊन पुसून आडवं चिरायचं. आत लसणीच्या पाकळ्यांसारख्या बिया, भोवती आंबटगोड गर. बोटाच्या एका फेऱ्यात बिया एका भांड्यात, साल दुसऱ्यात. भांडी प्लास्टिकची किंवा चिनी मातीची. तांब्या-ॲल्युमिनियमला हा रस लावायचा नाही, आंबटपणा धातूला खातो. दहापर्यंत हात मनगटापर्यंत लाल होतात. साबण लावला की तोच लाल निळसर-करडा होतो. मुलांना ही जादू दरवर्षी नवी वाटते.

साडेदहा. खळ्यात ऊन तापलं. आता खरं काम, आणि त्यात घाई चालत नाही. बियांच्या गरात खडेमीठ घालून सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी काढून वाळवायच्या, पुन्हा त्याच रसात. याला पूट देणं म्हणतात. आमच्या घरी पाच पुटं. प्रत्येक पुटाला साल काळपट होते, जाड होते, चघळली तर जिभेच्या कडांना पाणी सुटतं. एक-दोन पुटांवर उरकलेलं सोल दिसतं लाल आणि छान, पण आमटीत पडलं की नुसतं रंग देतं. आज कालच्या साली उलटायच्या, त्याआधीच्यांना चौथं पूट द्यायचं.

"अगं, हात ओला नको लावूस, बुरशी धरेल," सासूबाई पडवीतून सांगतात.

"पुसलेत, आई."

बाराला जेवण. आमसुलाचं सार, भात, पापड. कोपऱ्यातल्या बरणीत अमृत कोकम: सालींच्या वाट्यांत साखर भरून थरावर थर रचायचे, आठवडाभर ऊन द्यायचं. साखरच रस ओढून काढते, पाण्याचा थेंबही लागत नाही.

दुपारी तीनला रस काढून घेतलेल्या बिया राखेत चोळून वाळत घालते. त्या पावसाळ्यात फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा आणि वर तरंगणारं तेल गार झालं की वळून गोळे करायचे. भेगाळलेल्या टाचांना आम्ही हेच लावतो. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर ज्या सहा वनस्पतींची चरबी चालते, त्यांत कोकम आहे. तरी कोकणात कितीतरी बिया उकिरड्यावर जातात. मला हे सलतं.

साडेचार. पश्चिमेला ढग. कामं टाकून सगळे खळ्यात. सुपं, चटया, प्लास्टिकचे कागद. दहा मिनिटांत चौथ्या पुटाचा माल पडवीत आला. पाऊस आलाच नाही, पण गेल्या साली एका दुपारी पंचवीस किलो साली भिजल्या होत्या. तेव्हापासून कोणी थांबून बघत नाही.

रात्री आठ. गेल्या वर्षीच्या आगळात, म्हणजे खारवलेल्या रसात, नारळाचं दूध, लसूण, मिरची. सोलकढी वाटीत ओतली की तो गुलाबी रंग बघत क्षणभर थांबावंसं वाटतं.

नऊला दिवा मालवण्याआधी सासूबाईंनी विषय काढला, "पावसाच्या तोंडाला दोन कलमं आण." दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये दिलेली 'कोकण अमृता' जात पावसाच्या आधी तयार होते, आणि कलम मादी झाडाचंच बांधतात. तुमच्या परसात जागा असेल तर तुम्हीही बी लावू नका, कलमच लावा. आणि एखादं नर झाड असलंच, तर ते तोडू नका. परागाला ते लागतं.