घरचा हौद आणि काळी माती

पावसाळा उलटून शेतें रब्बीच्या पेरणीस लागलीं, विहिरींस पाणी आहे, ओढे अजून वाहत आहेत, अशा दिवसांत वैशाखांतील घागरीची आठवण कोणास होत नाहीं. परंतु घरीं पावसाच्या पाण्याचा हौद बांधावयाचा असेल, तर त्याचा विचार याच दिवसांत केला पाहिजे. उन्हाळ्यांत घाईनें बांधलेल्या हौदावर मारावयास पाणी मिळत नाहीं, व असा कच्चा राहिलेला हौद पुढें दगा देतो. आम्ही या विषयावर लिहितों तें विद्वत्तेच्या बळावर नव्हे. एक हौद गमावून व दुसरा राखून जें शिकलों, तेवढेंच कृषिबंधूंपुढें ठेवीत आहों.

आमचें आयुष्य तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेलें. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें सर्वांच्या स्मरणांत असेलच. त्या उन्हाळ्यांत आमच्या मेजावरही टँकरच्या मागणीचे ठराव येऊन पडत. पावसाचे आकडे वहींत आम्हींच चढवीत असूं आणि टँकरचे कागदही आम्हींच पुढें पाठवीत असूं. तेव्हां या दोहोंचा मेळ कां बसत नाहीं, हा विचार मनांत आल्यावांचून राहीना. परभणी जिल्ह्यांत वर्षास सरासरीनें ८०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक मृगापासून हस्तापर्यंतच पडतो. पाऊस येतो तो चार महिन्यांत; तहान मात्र बारा महिने असते. चारठाणे व वालूर येथील दगडी बारवा पाहिल्या म्हणजे आपल्या पूर्वजांस हा हिशेब चांगला ठाऊक होता असें दिसतें.

हिशेब फार सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. २० फूट रुंद व २५ फूट लांब पत्र्याचें छप्पर सुमारें ४६ चौरस मीटर भरतें. उडून व सांडून पांचवा हिस्सा गेला असें धरलें, तरी ८०० मिलिमीटर पावसांत २९,००० लिटर पाणी मिळतें. आणि पाऊस निम्मा झाला तरी १४,००० लिटरांस मरण नाहीं. आतां खर्चाची बाजू पाहूं. घरांत सहा माणसें, व पिण्यास आणि स्वयंपाकास माणशीं १० लिटर, असें धरल्यास रोजचे ६० लिटर होतात. जानेवारीच्या आरंभापासून मृगापर्यंत १५० दिवस मोजले, तर ९,००० लिटर लागतात. आंतून ८ फूट व्यासाच्या गोल हौदांत ७ फूट पाणी राहिलें म्हणजे तें सुमारें १०,००० लिटर होतें. एवढा हौद एका कुटुंबास पुरे. गुरांचें व धुण्याचें पाणी त्यांत धरूं नये. त्यास विहीर व शेततळें आहे.

एवढा हिशेब आम्हींही केला होता. चुकलों तें जमिनींत. सन २०१७ च्या हिवाळ्यांत आम्हीं अंगणांत खड्डा खणून विटांचा चौकोनी हौद बांधविला, व निघालेली काळी मातीच त्याच्या भोंवतीं परत लोटली. सन २०१८ सालीं पाऊस ओढीचा झाला, तरी हौद भरला. आम्ही झांकण लावून निर्धास्त झालों. पुढच्या चैत्रांत झांकण काढलें तों तळाशीं वीतभर पाणी! एका कोपऱ्यांतून भिंत वरपासून खालपर्यंत उकलली होती, आणि सारें पाणी आमच्या नकळत भुईंत गेलें होतें. घरांत कोणी एक शब्द बोललें नाहीं. घरच्या मंडळींनीं घागरी घेतल्या व त्या टँकरच्या रांगेस गेल्या. त्या न बोलण्याचें ओझें आम्हांस अद्यापि वाटतें.

दोष गवंड्याचा नव्हता. आपली काळी माती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. वैशाखांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. हीच माती हौदाच्या भिंतीस पावसाळ्यांत रेटते व उन्हाळ्यांत तिचा आधार सोडते. त्यांत चौकोनी हौदाचे कोपरे आधीं उकलतात. म्हणून काळ्या जमिनींत हौद पुरूं नये. तो जमिनीवर, मुरुमाच्या ओट्यावर बांधावा व गोल बांधावा. जमिनीवरील हौदाची गळती त्याच दिवशीं डोळ्यांस दिसते, आणि तोटी बसविली म्हणजे पाणी उपसण्याचेंही काम उरत नाहीं.

ओट्यासाठीं दोन-तीन फूट काळी माती काढून टाकावी. हौदाच्या घेरापेक्षां दीड फूट अधिक रुंद जागा घ्यावी. मुरूम सहा सहा इंचांच्या थरांनीं भरून, प्रत्येक थर भिजवून धुमसानें ठोकावा. त्यावर लोखंडी सळया घालून काँक्रीटचा तळ करावा. भिंत फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट व वाळू यांचा लेप देऊन केलेली, असल्यास थोड्या सामानांत काम होतें. मात्र त्या कामाची माहिती असलेलाच गवंडी पाहावा. कालविलेला माल तासाभरांत संपवावा. मग पोतीं गुंडाळून निदान १४ दिवस भिंत सतत ओली ठेवावी. येथें आळस केला कीं पैसा बुडाला. छपराची वळचण हौदाच्या तोंडाहून उंच आहे कीं नाहीं, हें आरंभींच मोजून घ्यावें.

मृगाच्या पहिल्या एक-दोन सरींचें पाणी पन्हळ बाजूस वळवून सोडून द्यावें. त्यांत धूळ व पांखरांची घाण असते. पुढेंही बऱ्याच उघडिपीनंतर पाऊस आल्यास तसेंच करावें. धाब्याच्या घराचें पाणी मातकट येतें, तें हौदांत घेऊं नये. तोंडास घट्ट झांकण, व सांडव्याच्या नळीस बारीक जाळी लावावी, म्हणजे डांस आंत अंडीं घालणार नाहींत. पिण्यापूर्वीं दर १,००० लिटरांस अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे भरल्या हौदास २५ ग्रॅम, पाण्यांत कालवून निवळी ओतावी व निदान तासभर थांबावें. लहान मुलांस पाणी उकळूनच द्यावें.

आमचा दुसरा हौद सन २०१९ च्या दिवाळीनंतर या रीतीनें उभा राहिला. तेव्हांपासून प्रत्येक उन्हाळ्यांत त्यानें साथ दिली आहे. बोअरच्या जड पाण्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नसे. ती या पाण्यांत लवकर शिजते, हें घरांतील मंडळींनींच प्रथम आमच्या ध्यानीं आणून दिलें. ज्यांस बांधावयाचा असेल त्यांनीं आधीं पहार घेऊन अंगणांत काळी माती किती खोल आहे तें पाहावें, व मगच गवंड्यास बोलवावें. आम्हीं उलट केलें, व त्याची किंमत घरच्या मंडळींनीं डोक्यावरील घागरींनीं भरली.