किल्ली दिली, नाव राहिलं

बैलबाजारात दावं हातात दिलं की बैल घेणाऱ्याचा झाला. गाडीचं तसं नसतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमधल्या कुणी आपली एमएच २५ पासिंगची गाडी ओळखीतल्या माणसाला दिली, इसार घेतला, उरलेले पैसे मोजले, नावबदलाच्या टीटी फॉर्मवर (२९ आणि ३०) कोऱ्या सह्या केल्या आणि किल्ली सोपवली, तरी आरसीवर नाव आहे तोवर कायद्याच्या लेखी मालक तोच.

त्या कोऱ्या सह्यांची मला फार काळजी वाटते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ मधला निकाल वाचावा. पहिल्या मालकानं गाडी २००७ मध्येच विकली होती. ती पुढे हातोहात फिरली. २००९ मध्ये तिच्या धडकेनं एकाचा जीव गेला. मधल्या कुणीच नाव बदललं नव्हतं. भरपाईची जबाबदारी आली ती आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर.

म्हणून फॉर्म २९ विकणाऱ्यानं स्वतः भरून १४ दिवसांत धाराशिवच्या आरटीओला कळवावं. घेणाऱ्याला फॉर्म ३० साठी ३० दिवस मिळतात. तेवढे दिवस त्याच्या मागे लागण्यात संकोच कसला? किल्ली देताना तारीख आणि वेळ टाकून डिलिव्हरी नोटवर त्याची सही घ्यावी. घेणाऱ्यानंही आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी पाहावं आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो.

कराचं सोपं आहे. दोन खासगी माणसांच्या व्यवहारात जीएसटी नाही. नोंदणीकृत डीलरला तो फक्त नफ्यावर, १८ टक्के. महाराष्ट्रात एकरकमी रोड टॅक्स भरलेली गाडी लातूर-सोलापूरहून आणली तर तो पुन्हा भरावा लागत नाही. बिदर किंवा कलबुर्गी पासिंगची स्वस्त गाडी मात्र इथे नावावर करताना आपल्याकडचा कर मागते. तो धरूनच भाव करावा.

डीलरनं फसवलं तर ग्राहक आयोग आहे. दुकान पुण्यात असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवलाच करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची. आधी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून पाहावा, आणि पावती जपून ठेवावी.