‘मेसेज गेला’ म्हणजे नक्की काय गेलं?

‘अरे, कॅब कुठेय?’

रात्री पावणेबाराला फोन. टेस्टिंग टीममधली मैत्रीण हिंजवडीत आमच्या ऑफिसच्या मागच्या गेटवर छत्री धरून उभी आणि कॅब पुढच्या गेटवरून केव्हाच सुटलेली! पाणी साचलं म्हणून पिकअप बदलला होता. तसा एसएमएस संध्याकाळीच २१२ जणांना गेला होता. म्हणजे, माझ्या स्क्रीनवर तरी तसं लिहिलं होतं : ‘बॅच पूर्ण. २१२ मेसेज गेले.’

‘मला काहीही आलेलं नाही,’ ती म्हणाली. शेवटी सिक्युरिटीच्या काकांनी तिला दुसऱ्या कॅबमध्ये बसवून दिलं. तो प्रोग्रॅम मीच लिहिलेला. मग कसली झोप लागतेय!

लूप संपला, काम नाही

सकाळी कोड उघडला. माझा लूप एकेक नंबर घ्यायचा, मेसेज गेटवेकडे सोपवायचा आणि यादी संपली की ‘पूर्ण’ म्हणायचा. पण संपलं होतं ते फक्त सोपवणं. पत्र पेटीत टाकलं म्हणजे ते घरी पोचलं असं थोडंच आहे?

गेटवे मेसेज घेतो आणि लगेच एक आयडी देतो. लाँड्रीवाला पावती देतो ना, तस्साच. कपडे मिळतात नंतर! मेसेज पुढे मोबाइल कंपनीच्या सेंटरमध्ये जातो. समोरचा फोन बंद असेल, रेंज नसेल, तर तिथेच थांबतो. मुदत संपली की टाकून दिला जातो. शेवटी जे काही होईल त्याची खबर, म्हणजे डिलिव्हरी रिपोर्ट, त्याच आयडीने परत येते. तीही आपल्या क्रमाने नाही. पहिल्याची शेवटी, शेवटच्याची आधी!

मैत्रिणीच्या फोनची बॅटरी संध्याकाळीच संपली होती. तिने फोन चार्ज करून सुरू केला अकरानंतर. मुदत मीच ठेवलेली, एक तास. ‘एक्स्पायर्ड’ असा रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर येऊन पडलाही होता. तो वाचणारी एकही ओळ मी लिहिली नव्हती. बोला आता!

आकडा नको, यादी हवी

मग बसलो दुरुस्तीला. आधी सोपा उपाय केला : रिपोर्ट आला की आकडा एकने कमी, शून्य झाला की बॅच संपली. पण एकच रिपोर्ट कधी कधी दोनदा येतो, आणि एक मेसेज बाकी असतानाच आकडा शून्य! म्हणून आता आयडींची यादीच ठेवतो. रिपोर्ट आला की तो आयडी यादीतून काढायचा. दुसऱ्यांदा आला तर काढायला काही उरतच नाही.

मराठीची गंमत वेगळीच. देवनागरी मेसेजमध्ये ७० अक्षरं मावतात. त्यापुढे गेलात की ६७-६७ चे तुकडे पडतात. सगळे तुकडे पोचले तरच मेसेज पोचला.

आता स्क्रीनवर ‘पूर्ण’ येत नाही. ‘पोचले’, ‘नाही पोचले’, ‘अजून बाकी’ असे तीन रकाने येतात. रात्री दहाला शेवटच्या दोन रकान्यांतल्या लोकांना शिफ्टवाला स्वतः फोन करतो. परवा दोन नावं उरली होती. दोघांनाही फोन लागला, दोघंही कॅबमध्ये बसले.

तुम्हीही असं काही लिहीत असाल तर...

• प्रत्येक मेसेजचा आयडी नंबरासोबत जपून ठेवा.
• ‘स्वीकारला’ आणि ‘पोचला’ यांत गल्लत नको.
• रिपोर्ट आलाच नाही तर किती वेळ थांबायचं, ते आधीच ठरवा.
• ‘पोचला’ म्हणजे ‘वाचला’ नव्हे!

मैत्रीण अजून चिडवते. ऑफिसात कुणी ‘मेल टाकलाय’ म्हणालं, की माझ्याकडे बघून विचारते, ‘टाकलाय की पोचलाय?’