गाडी ‘बसली’... आता काय?

शनिवारी संध्याकाळी शेगावच्या कुठल्याही पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. एमएच-२८च्या बोलेरो आणि ऑटोंच्या मधोमध एमएच-१२, एमएच-३१, एमएच-०२च्या चकाचक लक्झरी गाड्या उभ्या दिसतील. समृद्धी महामार्गाची कमाल, दुसरं काय! डिसेंबर २०२२मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला आणि गजानन महाराजांचं दर्शन हा चक्क वीकेंडचा प्लॅन झाला. मेहकरजवळ समृद्धी सोडायची, खामगावमार्गे शेगाव गाठायचं. दर्शन, गरमागरम कचोरी, भक्तनिवासात मुक्काम आणि रविवारी परत.

यातल्या बऱ्याच गाड्या पहिल्या मालकाच्या नसतात. हाच तर आपल्या पिढीचा नवा फंडा आहे. नव्या हॅचबॅकच्या किमतीत दहा-बारा वर्षं जुनी जर्मन सेडान! सोसायटीत टशन, ऑफिसच्या पार्किंगमध्ये भाव. पण गाडीची किंमत कमी झाली म्हणून तिच्या पार्ट्सची किंमत कमी होत नाही, हे त्या जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं. आणि या गाड्यांमधला सगळ्यात महागडा, सगळ्यात कमी समजलेला प्रकार म्हणजे हायड्रॉलिक सस्पेन्शन.

माझा मावसभाऊ गेल्या पावसाळ्यात अशीच गाडी घेऊन आला. गाडी मोठी, वय तेरा वर्षं, हप्ता घसघशीत. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच, वयाचा होता. मावशीला शेगावला न्यायचं ठरलं, मीही सोबत निघाले. जालन्यापासून समृद्धीवर गाडी नुसती तरंगत होती. मेहकरनंतर मात्र काळ्या मातीतला रस्ता सुरू झाला. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ताही तिच्यासोबत लाटा घेतो. तरी गाडीनं कुरकुर केली नाही.

सकाळी पाहतो तर काय, गाडीचा डावा पुढचा कोपरा जमिनीला टेकायच्या बेतात! मडगार्डमध्ये अर्धं चाक गायब. मावसभावानं पुण्याच्या गॅरेजला फोन लावला. पलीकडून न बघताच निदान, “स्ट्रट गेला. लाखाच्या घरात धरून चाला.” त्याचा चेहरा बघवत नव्हता. दोन हप्ते थकवून ही ट्रिप केली होती त्यानं. मावशी म्हणाली, “विकून टाक बाबा, आपण रेल्वेनं जाऊ.”

हवा की तेल?

आधी थोडा इतिहास. गाडीला स्प्रिंगऐवजी तेल आणि नायट्रोजनवर उभं करण्याची आयडिया सिट्रोएनच्या पॉल माजेस या माणसाची. १९५५च्या पॅरिस मोटर शोमध्ये सिट्रोएन डीएस आली आणि लोक वेडे झाले. १९६२मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटलेली डीएस त्यांना घेऊन सुखरूप निसटली. १९६५च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोनं हेच तंत्र परवान्यानं घेतलं. पुढे १९९९मध्ये मर्सिडीजनं ‘अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल’ आणलं. त्यात स्प्रिंग असते, पण तिच्या डोक्यावर तेलाचा दट्ट्या असतो आणि वळणावर गाडी झुकू नये म्हणून कॉम्प्युटर क्षणाक्षणाला तेल आत-बाहेर करतो.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की तुमच्या गाडीत हवा आहे की तेल? हवेच्या सस्पेन्शनमध्ये रबरी फुगे आणि कॉम्प्रेसर असतो. तेलाच्या सिस्टीममध्ये पंप, तेलाची टाकी, व्हॉल्व्हचा ठोकळा आणि चाकाजवळचे स्ट्रट. दोन्हीत गाडी ‘बसते’, पण कारणं वेगळी आणि बिलंही वेगळी!

ट्रॅक्टरवाल्याचे तीन प्रश्न

अशा गाड्यांची सर्व्हिस सेंटरं मोठ्या शहरांत. शेगावहून नागपूर जवळपास ३०० किलोमीटर. भक्तनिवासाबाहेर चहा पिताना कुणीतरी सुचवलं, खामगाव रोडवर ट्रॅक्टर आणि जेसीबीचं हायड्रॉलिक करणारे एक काका आहेत, त्यांना विचारा. मावसभावाला हसू आलं. कुठे जर्मन सेडान आणि कुठे ट्रॅक्टर!

काका आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “हे आपल्या ट्रॅक्टरचंच हाये भौ, फक्त सूट घातला हाये.” मावसभाऊ जॅक लावून खाली शिरायला निघाला, तर त्याचा हात धरला. “खाली नोको जाऊ! हे अजून बसू शकते.”

मग प्रश्न. रात्रीतून बसली की उभ्या उभ्या? एकच कोपरा की सगळी? आणि टाकीतलं तेल कमी झालं का?

काकांचं लॉजिक इतकं साधं होतं की मी वहीत लिहूनच घेतलं. इंजिन बंद झालं की पंप बंद. मग स्ट्रटमधलं तेल व्हॉल्व्हनं कोंडलेलं असतं. गाडी खाली आली, म्हणजे ते तेल कुठेतरी गेलं. जायच्या वाटा दोनच. एक तर बाहेर जमिनीवर, नाहीतर परत टाकीत. “तेल कुठी गेलं ते आधी पाहू, पैसा कुठी जाईन ते मंग पाहू.”

फरशी कोरडी. स्ट्रटभोवतीचं रबरही कोरडं. टाकीची पट्टी काढली, तर तेल खुणेच्या वर! मग इंजिन सुरू केलं. मिनिटभरात तो कोपरा हळूहळू उठला आणि चारही चाकं लेव्हलला आली. पट्टी पुन्हा बघितली, तेल बरोबर खुणेवर. म्हणजे स्ट्रट धडधाकट होता. व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हता आणि रात्रभर तेल गुपचूप टाकीत परत जात होतं. काकांनी तेलाचा थेंब बोटांत चोळून दाखवला. हिरवं असायला हवं होतं, काळपट होतं. कचरा किंवा झिजलेलं सील, यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही. व्हॉल्व्ह उघडला तर नाहीच. “हे माझं काम नाही. मशीन लावून पाहा.” पैसेही घेतले नाहीत, मावशीकडून प्रसाद घेतला.

डॅशबोर्डवर लाल इशारा नव्हता, स्टिअरिंग हलकं होतं. त्यामुळे दर्शन करून आम्ही सावकाश निघालो. पुढच्या आठवड्यात पुण्यात दुसऱ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला आणि तेच निघालं. व्हॉल्व्हचा ठोकळा उघडून साफ केला, नवे ओ-रिंग, नवा फिल्टर, नवं तेल. स्ट्रट आहे तोच. बिल फोनवरच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्शाहून कमी!

लक्षणं ओळखा

प्रत्येक वेळी व्हॉल्व्हच असेल असं नाही हं. साधारण हिशेब असा:

• रात्रीतून एक कोपरा बसतो, सुरू केल्यावर उठतो, तेल तेवढंच: व्हॉल्व्हवर संशय.
• तेल कमी होतंय, खाली डाग आहे: बाहेरची गळती. होजपाइप, जोड किंवा स्ट्रट.
• उंची ठीक, पण खड्ड्यात बैलगाडीसारखे धक्के: नायट्रोजनचे गोळे. आतला पडदा थकतो, वायू झिरपतो. यानं गाडी बसत नाही, कडक होते.
• सुरू केल्यावरही गाडी उठत नाही: पंप किंवा प्रेशर.
• पंपाची कुंईकुंई, तेलाला फेस: तेल कमी किंवा आत हवा शिरलीय.

एक गंमत म्हणजे जुन्या सिट्रोएन गाड्या रात्री बसायच्याच, तो त्यांचा स्वभाव! म्हणून आधी आपल्या मॉडेलला काय नॉर्मल आहे ते मॅन्युअलमध्ये वाचा. लाल इशारा आला तर मात्र गाडी थांबवा आणि फ्लॅटबेड मागवा. हीरोगिरी नको.

हात नको, पुठ्ठा!

तुमच्या टायरमध्ये साधारण २.२ बार प्रेशर असतं. अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोलसारख्या सिस्टीममध्ये जवळपास २०० बार! सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत जखम इतकी गंभीर असते की वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट गमवावं लागू शकतं. गळती शोधायला हात कधीच फिरवू नका, पुठ्ठा धरा. आणि फक्त सस्पेन्शनच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीच जायचं नाही. अगदी मेकॅनिकनंसुद्धा, स्टँड लावल्याशिवाय नाही.

तेलाचंही तसंच. पेट्रोल पंपावर मिळालं ते ओतलं, असं चालत नाही. चुकीचं तेल रबरी सील खातं. सिट्रोएननं १९६६मध्ये लाल तेल सोडून हिरवं मिनरल तेल आणलं, तेव्हा दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून गाडीतले त्या सिस्टीमचे भागच हिरवे रंगवले होते. यावरून काय ते समजा.

घेणार आहात?

मग विक्रेत्याला विनंती करा, की गाडी एक रात्र सपाट जागेवर उभी ठेवा. रात्री टेप घेऊन चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा, फोनमध्ये टाइप करा. सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, पुन्हा मोजा. विक्रेता नाही म्हणाला? मग तुम्हीही नाही म्हणा! सोबत तेल आणि फिल्टर बदलल्याची बिलं मागा, आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे हप्त्याआधी बाजूला काढा.

टेस्ट ड्राइव्ह काय, सगळेच घेतात. तुम्ही टेस्ट-पार्किंग घ्या!