कापडाच्या पंखांची दुरुस्ती

15 ऑक्टोबर 1982 रोजी 78 वर्षांचे जेआरडी टाटा एका छोट्याशा जुन्या विमानात एकटेच बसले, कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, 1932 साली, याच तारखेला आणि याच वाटेने त्यांनी टपालाची पहिली थैली आणली होती. तेव्हाचं विमान होतं पस मॉथ. अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणावे लागले होते. 1982 सालचं विमान होतं लेपर्ड मॉथ, पस मॉथचं धाकटं भावंड. ही विमानं 1933 ते 1936 या काळात बनली. म्हणजे जेआरडींनी जीव ज्याच्या भरवशावर टाकला ते यंत्र पन्नाशीला टेकलेलं होतं, आणि त्याचा सांगाडा लाकडाचा होता.

पन्नास वर्षांची मोटार रस्त्यावर आणली तर लोक कौतुकाने फोटो काढतात. वाटेत बंद पडली तर ढकलून बाजूला घेता येते. विमानाच्या बाबतीत ही सोय नाही. तरीही जगभर हजारो माणसं घरामागच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, शेतावरच्या गोदामात जुनी हलकी विमानं पुन्हा उभी करतात आणि ती उडतात. यामागचं कारण साधं आहे. 1930 ते 1960 या काळातली बहुतेक हलकी विमानं मुळातच दुरुस्त होण्यासाठी बनवलेली होती. गवताच्या माळावर उतरताना पंख टेकला, फळी मोडली, कापड फाटलं, तर जवळच्या कारागिरांना ते नीट करता यावं, या हिशेबानेच त्यांची रचना असे.

टायगर मॉथचं उदाहरण घेऊ. 26 ऑक्टोबर 1931 रोजी हे विमान प्रथम उडालं, पुढे आठ हजारांहून जास्त बनली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातल्या असंख्य वैमानिकांनी पहिले धडे याच विमानावर गिरवले. धड पोलादी नळ्यांचं. पंखांच्या आत स्प्रूस लाकडाच्या लांब तुळया आणि त्यांच्यावर बसवलेल्या लाकडी फासळ्या. वरून सगळीकडे ताणून बसवलेलं कापड. पुढे हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं 130 अश्वशक्तीचं इंजिन. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध. ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी, आणि इंजिन सुरू करायचं तर कोणीतरी पुढे उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. रिकामं वजन साधारण पाचशे किलो.

अशा विमानाची दुरुस्ती सुरू होते ती मोडतोडीने. प्रत्येक भाग सोडवायचा, त्याचा फोटो काढायचा, त्याला चिठ्ठी बांधायची. मग कापड उतरवायचं. खरी परीक्षा तिथून पुढे असते, कारण या विमानांचे आजार आत लपलेले असतात. धडाच्या खालच्या नळ्यांत वर्षानुवर्षं ओल साचते आणि त्या आतून गंजतात. बाहेरचा रंग मात्र अगदी ठीक दिसतो. अनुभवी माणूस टोकदार हत्याराने नळी ठोकत जातो आणि जिथे खळगा पडेल तो तुकडा कापून नवा जोडतो. नवीन नळी जोडून झाली की जुन्या पद्धतीत आत गरम जवसाचं तेल ओतलं जाई. नळी सगळ्या बाजूंनी फिरवायची, तेल आतल्या प्रत्येक कोपऱ्याला लागू द्यायचं, उरलेलं निथळून काढायचं आणि भोक बंद करायचं. आत तेलाचा जो पातळ थर वाळून बसतो तो गंजाला पुढची कित्येक वर्षं थोपवून धरतो. मराठवाड्यात ज्याची चटणी ताटात असते तेच हे जवस. ब्रिटिश विमानांवर जे लिनन कापड चढवत ते याच झाडाच्या खोडातल्या धाग्याचं. एकाच पिकाचं बी नळ्यांच्या आत आणि धागा पंखांच्या बाहेर.

लाकडाची तपासणी त्याहून अवघड. जुन्या विमानांत फळ्या चिकटवायला दुधातल्या केसीनपासून केलेला सरस वापरत. तो ओलीत बुरशी धरतो आणि सोडतो. सांधा वरून घट्ट दिसतो, पण पात्याचं टोक सहज आत शिरतं. तुळईवर केसासारखी आडवी रेघ दिसली तर लाकूड कधीतरी दाबाखाली आतून चुरलं आहे असं समजायचं. ती तुळई बाद करायची किंवा तेवढा भाग बदलायचा. तुकडा जोडताना दोन्ही टोकं लांब तिरकी तासावी लागतात. जाडी एक इंच असेल तर उतार दहा-बारा इंच लांब. एवढा लांब उतार दोन्ही बाजूंना तंतोतंत बसला तरच सरसाला धरायला पुरेशी जागा मिळते. रंध्यावर हात बसलेल्या सुताराला हे काम समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. लागतो तो त्याच्या मनात एक गोष्ट उतरवायला : इथे पुट्टी भरून झाकायचं काहीच नाही.

मग कापड. आता लिननऐवजी बहुधा पॉलिएस्टर वापरतात. सांगाड्यावर ते जरा सैलच चिकटवतात आणि मग त्याच्यावर इस्त्री फिरवतात. घरातल्यासारखीच इस्त्री, फक्त तिचं तापमान थर्मामीटरने तपासून घेतलेलं. आधी साधारण 120 अंश सेल्सिअस, शेवटी 175 च्या आसपास. इस्त्री सरकते तसतसं कापड आखडत जातं, सुरकुत्या नाहीशा होतात आणि काही मिनिटांत बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येऊ लागतो. घाई करून एकाच जागी जास्त ताप दिला तर कापडाच्या ताणाने नाजूक फासळी वाकते. म्हणून थोडं थोडं, आळीपाळीने, दोन्ही बाजूंनी.

एवढ्यावर पंख उडायला तयार होत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला कमी दाब असतो आणि तो कापडाला फासळीपासून उचलायला बघतो. म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याने आणि लांब सुईने कापड प्रत्येक फासळीला शिवायचं. सुई पंखाच्या वरून आत, खालून बाहेर, पुन्हा खालून वर, आणि दर टाक्याला गाठ. पंख्याच्या वाऱ्यात येणाऱ्या भागात टाके अधिक जवळ, इतरत्र थोडे दूर. एका पंखात असे शेकडो टाके. त्यावर फीत, फितीवर डोप नावाच्या द्रावणाचे थर. त्यांतल्या काही थरांत ॲल्युमिनियमची पूड असते. जुनी विमानं चंदेरी दिसायची ती याच पुडीमुळे. उन्हातले अतिनील किरण ती अडवते, नाहीतर कापड काही वर्षांत कुजतं.

हे सगळं धारूरच्या वाचकाला सांगण्यात अर्थ आहे. धारूरला धावपट्टी नाही. बालाघाटच्या डोंगरात वसलेलं गाव, घाट, सीताफळं आणि सोळाव्या शतकात आदिलशाहीत किश्वरखानाने बांधलेला किल्ला ही त्याची ओळख. पण वर सांगितलेल्या कामांची यादी पुन्हा वाचावी : नळ्या जोडणारा वेल्डर, तिरकस सांधा तासणारा सुतार, सारख्या अंतरावर टाके घालणारा शिंपी, इंजिन उघडून व्हॉल्व्ह घासणारा मेकॅनिक. ऊसतोडीच्या हंगामाआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तयार करणाऱ्या या भागात यांतलं एकही कसब परकं नाही. विमान म्हटलं की ते परदेशी प्रयोगशाळेतच बनतं हा समज काढून टाकायला हवा. निदान कापडाच्या पंखांच्या विमानांपुरता तरी तो खरा नाही.

किल्ल्याचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट. ढासळलेला बुरूज बांधताना जो प्रश्न पडतो तोच विमानाच्या बाबतीतही पडतो : किती दगड बदलले की तो जुना बुरूज राहत नाही? जुन्या विमानात कापड तर नवं असतंच. बरंचसं लाकूड नवं, काही नळ्या नव्या, बोल्ट सगळे नवे. जगभरचे जाणकार शक्य तेवढा मूळ भाग ठेवतात, पण ज्यावर जीव अवलंबून आहे त्या भागात जुनेपणाचा हट्ट धरत नाहीत. विमानाची ओळख टिकते ती त्याच्या अनुक्रमांकात आणि नोंदवह्यांत. धड, इंजिन, पंखा यांच्या वह्यांत कोणत्या तारखेला काय बदललं, कोणी तपासलं, किती तास उडालं, हे लिहिलेलं असतं. वह्या हरवलेलं सुंदर विमान घेण्यापेक्षा वह्या शाबूत असलेला गंजका सांगाडा घेतलेला बरा, असं जाणकार सांगतात ते उगाच नाही.

आपल्याकडे या कामाला सगळ्यात जवळचा म्हणावा असा मराठी प्रयत्न जुनं विमान उभं करण्याचा नव्हता, नवं विमान बांधण्याचा होता. मूळचे सातारा जिल्ह्यातले वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. नोकरी सांभाळून, स्वतःचे आणि कुटुंबाचे पैसे घालून, वर्षानुवर्षं. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांसमोर आलं. गच्चीवरून खाली उतरवायचं तर सुटे भाग करूनच उतरवावं लागलं. नोंदणीचं प्रमाणपत्र मिळायला नोव्हेंबर 2017 उजाडला आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी आणखी वाट पाहावी लागली. 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत गेलं. विमान बांधणं आणि त्याला कागदावर जागा मिळवणं ही दोन वेगळी कामं होती, आणि दुसरं काम पहिल्याहून सोपं नव्हतं.

अडचण इथेच आहे. अमेरिकेत परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली सामान्य माणूस स्वतःच्या विमानावर काम करू शकतो, आणि दुरुस्तीच्या मान्य पद्धती सांगणारं सरकारी पुस्तक कोणालाही वाचायला मिळतं. सरसाचा सांधा कसा, टाका कसा, सगळं आकृत्यांसह. ब्रिटनमध्ये हलक्या विमानांची संघटनाच तपासनीस पुरवते. तिथे हौशी माणसाला चुका सुधारायला जवळ कोणीतरी असतं. आपल्याकडे कामावर परवानाधारक अभियंत्याची सही लागते, विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि हे दोन्ही योग्यच आहे. पण लाकूड आणि कापड जाणणारे अभियंते आता कमी होत चालले आहेत. आपल्या हवाई दलाचं टायगर मॉथ 2012 च्या वायुसेना दिनी पुन्हा आकाशात दिसलं, त्याची दुरुस्तीही ब्रिटनमध्ये करून घ्यावी लागली. राजीव चंद्रशेखर यांनी हवाई दलाला भेट दिलेलं डकोटा हे हलकं विमान नव्हे, पण एका माणसाच्या ध्यासाचं ते मोठं उदाहरण. वडील डकोटाचे वैमानिक, म्हणून मुलाने भंगारात निघालेलं विमान शोधून काढलं आणि स्वखर्चाने दुरुस्त करून घेतलं. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती भेट स्वीकारली गेली आणि एप्रिल 2018 मध्ये ते विमान ब्रिटनहून उडत जामनगरला आलं. तेही काम झालं परदेशातच.

पण आपल्या मातीतलं एक विमान असं आहे की ज्यासाठी परदेशात जाण्याचं कारण नाही. पुष्पक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावी 1908 साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकले, परत येऊन बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले आणि 1951 मध्ये त्यांच्या आराखड्यावर बनलेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान उडालं. पुष्पक त्यानंतरचं, 28 सप्टेंबर 1958 रोजी पहिलं उड्डाण केलेलं. शेजारी शेजारी दोन आसनं, वर पंख, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड, 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन. दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोचली. एका पिढीने हवेतली पहिली वळणं त्यांच्यावर घेतली. घाटग्यांना 1965 मध्ये पद्मश्री मिळाली, 1991 मध्ये ते गेले. मराठी शाळांच्या पुस्तकांत त्यांचं नाव जितकं यायला हवं तितकं येत नाही, याची खंत वाटते.

काही पुष्पक संग्रहालयांत जपलेली आहेत. पण जपणं आणि समजून घेणं यांत फरक आहे. उडवायचं नसेल, फक्त उभं करायचं असेल, तर उड्डाणाच्या परवान्याचा प्रश्न येत नाही. तालुक्याच्या आयटीआयमधले वेल्डिंग, सुतारकाम आणि मोटार मेकॅनिकचे विद्यार्थी एकाच सांगाड्यावर मिळून काम करू शकतील. कापड उतरवतील, प्रत्येक नळी ठोकून पाहतील, फासळी मोजून तशीच दुसरी बनवतील, इंजिन उघडून दोन्ही मॅग्नेटो वेगळे का ठेवले आहेत ते पाहतील. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि प्रत्येक प्लगला स्वतंत्र वीज, एक बंद पडली तरी दुसरीवर इंजिन चालावं म्हणून. हे वर्गात फळ्यावर सांगून जितकं कळतं त्याहून हातात पाना घेऊन जास्त कळतं. इंजिन बंद असलं तरी शेवटच्या तपासणीतला एक नियम पाळायचा : दांडा डावीकडे ओढला की डाव्या पंखावरची पट्टी वर गेली पाहिजे आणि उजवीकडची खाली. दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्यामुळे जगात चांगली चांगली विमानं पहिल्याच उड्डाणात कोसळली आहेत. म्हणून हे एका माणसाने पाहून पुरत नाही. ज्याने तारा जोडल्या त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी ते पुन्हा पाहायचं आणि वहीत तारखेसह सही करायची.