वाटेवरचा मारुती : दीड फुटांचा आणि १०५ फुटांचा

आज चैत्र शुद्ध पौर्णिमा. सूर्यबिंब वर येण्याच्या घटकेला गावोगावच्या मारुतिमंदिरांत जन्माचा गुलाल उधळला जाईल, सुंठवडा वाटला जाईल. गेली चाळीस वर्षे या घटकेला आम्ही कोठे ना कोठे जन्माख्यान लावीत आलो आहोत. त्या निमित्ताने पुष्कळ प्रवास घडला आणि एक गोष्ट मनावर ठसली. इतर देवांचे दर्शन घ्यावयाचे, तर गाभाऱ्यापर्यंत जावे लागते. मारुतिराय मात्र वाटेतच भेटतात. वेशीवर, घाटाच्या वळणावर, नदीच्या उतारावर ते शेंदूर ल्यालेले उभेच असतात. म्हणून परगावच्या माणसाला घर सांगताना आपण सहज म्हणून जातो, ‘मारुतीपासून उजव्या हाताला वळा.’

ही खूण पटावी म्हणून लोकांनी देवाला नावेही मोठी लडिवाळ ठेविली. पुण्यनगरीत जिलब्या मारुती आहे, भिकारदास मारुती आहे आणि पानिपतच्या रणधुमाळीत, १७६१ साली, जो जागच्या जागी डुलला अशी आख्यायिका आहे, तो डुल्या मारुतीही आहे. परक्यास ही नावे ऐकून हसू येते. पण ज्या देवाला माणसे टोपणनावाने हाक मारतात, तो देव त्यांच्या घरचा झालेला असतो. वेरुळाजवळ खुलताबादेस भद्रा मारुती तर चक्क निद्रिस्त आहे, आणि त्याच्या दर्शनाला आजच्या दिवशी माणसे रात्रभर पायी चालत येतात!

यांपैकी कोणाचीही थोरवी उंचीवर अवलंबून नाही. श्रीसमर्थांनी स्थापिलेले अकरा मारुती आठवा. त्यांतील पारगावची मूर्ती जेमतेम दीड फुटाची. तरीही त्या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर आपण मोठे आहोत असे कोणास वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

अलीकडे मात्र वाटेवरचा मारुती उंच होऊ लागला आहे. बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा येथे महामार्गाच्या कडेला १०५ फुटांची मूर्ती २००३ साली उभी राहिली. त्याच वर्षी आंध्रातील परिताळा येथे, विजयवाडा-हैदराबाद रस्त्यावर, १३५ फुटांची मूर्ती झाली. सिमल्याच्या जाखू टेकडीवर २०१० साली १०८ फुटांचे मारुतिराय उभे राहिले. दिल्लीत करोलबागेतही १०८ फुटांची मूर्ती आहे. तिच्या जवळून मेट्रोची गाडी धावते. २०१७ साली तेथील अतिक्रमणांचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ही मूर्ती आकाशमार्गे उचलून अन्यत्र नेता येईल काय, याचा विचार करण्यास न्यायालयाने संबंधितांना सांगितले होते. ज्याने द्रोणागिरी उचलला, त्यालाच उचलण्याची भाषा मनुष्याच्या तोंडी आली, हा काळाचा महिमा!

हे सर्व सांगण्याचे कारण गतवर्षीच्या उत्सवात घडले. महामार्गालगतच्या एका गावी आमचे कीर्तन होते. आरती झाल्यावर गावची तरुण मंडळी आमच्याभोवती बसली. नवा रस्ता गावाबाहेरून गेल्यामुळे जुनी वेस आडबाजूला पडली होती. नव्या फाट्यावर ५१ फुटांचा मारुती उभारावा, असे मंडळींच्या मनात होते. एकजण तळमळून म्हणाला, “बुवा, आमचं गाव आता रस्त्यावरून कुणाला दिसतच नाही. पाहुणेसुद्धा फाटा चुकून पुढे जातात.” देवळाच्या खांबाशी वृद्ध गुरव बसले होते. त्यांनी वर छताकडे बोट दाखविले. पावसाचे ओघळ थेट गाभाऱ्यापर्यंत उतरलेले होते. ते इतकेच बोलले, “तिकडं उंच देव झाल्यावर इकडची वात कोण लावणार, ते तेवढं सांगा.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. शास्त्र काय सांगते, असे सर्वांनी आम्हांस विचारले. तत्काळ उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्या रात्री आम्ही जो विचार केला, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘प्रतिमा’ या शब्दातच मोजण्याचा अर्थ असलेला ‘मा’ हा धातू आहे. माप हा तिचा प्राण आहे. वराहमिहिराचार्यांनी बृहत्संहितेत मूर्तीचे मान देवळाच्या दारावरून ठरविले आहे. दाराच्या उंचीतून आठवा भाग वजा करावा, उरलेल्याचे तीन भाग करावेत. एक भाग पीठ आणि दोन भाग मूर्ती. म्हणजे देव किती उंच असावा, हे भक्त ज्या दारातून आत येतो त्या दाराने सांगावयाचे! आता उघड्या आकाशाखालील मूर्तीला दार कोठले? आम्हांस वाटते, तिला वाट हेच दार, आणि वाटसरूची गरज हेच तिचे माप.

मारुतिरायांचे चरित्र याला साक्ष आहे. लंकेत शिरताना ते मांजराएवढे झाले. सुरसेपुढे प्रथम वाढत गेले आणि अखेर अंगठ्याएवढे होऊन तिच्या मुखातून बाहेर पडले. अशोकवनात सीतामाईला शंका आली, की एवढासा वानर आपल्याला पैलतीरी कसा नेणार? तेव्हा त्यांनी पर्वतप्राय रूप दाखविले, ते केवळ तिला धीर यावा म्हणून. वनपर्वात तर ते अक्षरशः वाटेवरचे मारुती आहेत. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणावयास निघालेल्या भीमाच्या मार्गात ते वृद्ध वानराच्या रूपाने पडून राहिले, आणि भीमाला दोन्ही हातांनी ते शेपूट हलविता आले नाही. प्रथम लहान रूपाने गर्व उतरविला. मागाहून भीमाने विनविले, तेव्हा विराट रूप दाखविले. पुढचे विसरू नये. ते रूप त्यांनी आवरून घेतले आणि भावाला पोटाशी धरले. आलिंगन देण्यासाठी देवालाही आपल्या उंचीला यावे लागते.

वेशीवरची लहान मूर्तीसुद्धा वाढतच असते. शनिवारी कोणी तेल घालतो, कोणी शेंदराचे बोट लावतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते लेप साचून मूर्तीवर कवच चढते. सप्तशृंगी गडावर जगदंबेच्या मूर्तीवरील असेच शेंदराचे थर २०२२ साली उतरविण्यात आले, तेव्हा आतील मूळ रूप पाहून भाविकांचे डोळे भरून आले. सिमेंटची मूर्ती काही वर्षांत उभी राहते. बोटाबोटाने वाढावयाला शतके लागतात. पहिलीला वर्गणी पुरते, दुसरीला रोज कोणीतरी यावे लागते.

म्हणून निघतेवेळी आम्ही त्या मंडळींना म्हणालो, “फाट्यावर मारुती अवश्य उभारा. चुकल्या पाहुण्याला वाट दाखविणे हे त्याचेच काम आहे. मात्र आधी या छतावर कौले घाला आणि वातीच्या तेलाची वर्षभराची वाटणी घरटी लावून घ्या. उंच मारुती गाव दाखवील. पण त्याने दाखविलेल्या गावात दिवा लागलेला असला पाहिजे.” तरुणांपैकी काहींना ते रुचले, काहींना नाही. आषाढापूर्वी छत शाकारल्याचा निरोप मात्र आला. फाट्यावरचा चौथरा अजून रिकामाच आहे.

वाचकहो, आज दर्शनाला जाताना आपल्या गावच्या, आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या जुन्या, विचित्र नावाच्या मारुतीपुढे क्षणभर थांबा. रुईच्या पानांची माळ घाला, आणि दिव्यात तेल आहे की नाही तेवढे पाहा. महामार्गावरच्या उंच मूर्तीला गाडीतून हात जोडले, तरी तो नमस्कार पोहोचतोच. पण वात लावायला खाली उतरावे लागते.