आउटबोर्डची उंची ठरवताना

होडीला आउटबोर्ड बसवायचं ठरलं की हॉर्सपॉवरवर भरपूर चर्चा होते. इंजीन मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, किती उंच बसवायचं याचा विचार मात्र फारसा होत नाही. ते जिथे टेकेल तिथेच आवळलं जातं. या उंचीत दोन इंचांची चूक झाली तर चांगलं दहा हॉर्सपॉवरचं इंजीनही पेट्रोल पीत राहतं आणि होडी हवी तशी पळत नाही.

इंजिनाच्या पंख्याच्या जरा वर एक आडवी, चपटी प्लेट असते. तिला अँटी-व्हेंटिलेशन प्लेट म्हणतात. पंखा जोरात फिरू लागला की पृष्ठभागावरची हवा खाली ओढू पाहतो, आणि ही प्लेट ती हवा अडवते. म्हणून उंचीचं सगळं गणित या प्लेटवरून मांडायचं. लहान होडीसाठी सुरुवातीचं माप सोपं आहे: प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली जास्तीत जास्त एक इंच असावी.

शाफ्ट साधारण तीन लांबींत मिळतात, 15, 20 आणि 25 इंच. हे आकडे ट्रान्समच्या उंचीला जुळवलेले असतात, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये. इंजिनाचा क्लॅम्प फळीच्या कडेवर जिथे टेकतो तिथपासून प्लेटपर्यंतचं अंतर स्वतः मोजावं. मग ट्रान्समच्या मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत, फळीच्या उतारालगत टेप धरावी. समजा फळी 18 इंच भरली आणि इंजीन 20 इंच. मग प्लेट तळाच्या दोन इंच खाली जाईल. फळीच्या कडेवर एक इंच जाडीची टणक लाकडाची पट्टी घट्ट बसवली की हिशोब जुळतो. उलट फळीच उंच असेल तर तिला खाच पाडण्यापेक्षा लांब शाफ्टचं इंजीन घेणं बरं. खाच पाडली की मागून लाट आत येण्याची वाट मोकळी होते.

तळाची रेषा डोळ्यांनी ठरवू नका. तळाला सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्या. लाकडी होडीत पठाण, म्हणजे कील, थेट ट्रान्समपर्यंत येत असेल तर तिच्यामागचं पाणी ढवळलेलं आणि हवेने भरलेलं असतं. तिथे इंजीन किंचित खाली बसवावं लागतं.

इंजीन फार खाली गेलं तर नुकसान हळूहळू होतं. पाणी इंजिनाच्या पायावर चढून होडीत उडतं, हँडल जड लागतं, वेग घटतो. फार वर राहिलं तर धोका मोठा आहे. पंखा हवा ओढतो, आवाज एकदम चढतो आणि होडी जागच्या जागी राहते. थंड करणारं पाणी आत घेण्याची जाळीही खालच्याच भागात असते. तीही हवा ओढू लागली तर इंजीन तापतं. मागून पडणारी पाण्याची बारीक धार तुटक झाली की लगेच इंजीन बंद करावं. म्हणून सावकाश चालणाऱ्या मासेमारीच्या होडीत अर्धा इंच वर राहण्यापेक्षा अर्धा इंच खाली राहिलेलं मी पत्करीन. खाडीच्या मुखाशी वाळू लागते म्हणून इंजीन कायमचं वर घेणारे बरेच असतात. उथळ पाण्यापुरतं ते टिल्ट करून सावकाश जावं. बसवण्याची उंची त्यासाठी बदलू नये.

खरी परीक्षा पाण्यात होते, आणि तीही रिकाम्या होडीत नव्हे. जाळी, बर्फ, माणसं, भरलेली टाकी असं रोजचं ओझं घ्या आणि शांत पाण्यात वेग हळूहळू वाढवा. इंजिनाचा पाय उभा आणि प्लेट पाण्याला समांतर राहील अशा बेताने टिल्टची पिन लावा. पूर्ण वेगात प्लेट पृष्ठभागाजवळ किंवा जरा खाली दिसली पाहिजे. मग वळण घ्या. वळणात आवाज किंचाळला आणि ओढ सुटली तर इंजीन अर्धा इंच खाली घ्या. पाणी पायावर खूप चढत असेल तर अर्धा इंच वर. एका वेळी एवढाच बदल करावा, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही.

उंची नक्की झाल्यावरच भोकं पाडावीत. नुसते क्लॅम्पचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, त्यामुळे इंजिनाच्या रचनेत बोल्टची सोय असेल तर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आरपार घाला आणि भोकाच्या आतून सीलंट भरा. फायबरच्या ट्रान्सममध्ये बहुधा प्लायवूड असतं, आणि एकदा आत पाणी शिरलं की ते कुजत जातं. इंजिनाला होडीशी बांधणारी मजबूत दोरी किंवा साखळीही हवीच.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि तळ पूर्ण मोकळा दिसतो. टेप आणि सरळ पट्टी घेऊन हे माप तेव्हाच काढून ठेवा, आणि हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या फेरीआधी सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.